पंपाचा आवाज थांबला की

अहो, पंप बिघडलेला नव्हता. त्याचा वॉशर मी काढून घेतला होता.

हे आधीच सांगून मोकळी होते. काल रविवारी तुमच्या लेकीने अख्खी सकाळ त्या फवारणीच्या पंपाशी झटापट केली आणि मी ओट्यावर तिच्या शेजारी तांदूळ निवडत बसले होते. तेच सूप, तेच तांदूळ, पुन्हा पुन्हा. वॉशर माझ्या कमरेला, किल्ल्यांच्या बटव्यात होता. पेढ्याएवढी चामड्याची ती वाटी, वर्षानुवर्षं खोबरेल प्यालेली. बटव्याला डाग पडला, साडीलाही पडला. मेघनाला तो दिसू नये म्हणून मी सूप मांडीवर ओढून घेतलं.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. भावजींनी पेपरात चार ओळी दिल्या, फोटोसकट. नाव, गाव, मागे कोण कोण राहिलं, सगळं बरोबर छापलंय. त्यात पंपाचं काही नाही. पण माझा तुमच्याबरोबरचा संसार त्या पंपाच्या आवाजात झाला, हे पेपरवाल्यांना काय माहीत! मला तुमच्याशी त्याच्याबद्दलच बोलायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते अर्धवट ठेवून तुम्ही निघून गेलात. तुमची ती जुनीच खोड.

माझं माहेर ठाण्याचं, चाळीतलं. तिथे विष म्हणजे फार तर ढेकणांची पावडर. लग्न होऊन पापडीच्या या वाडीत आले तेव्हा पडवीत खुंटीला एक पितळी टाकी टांगलेली दिसली. तिला दोन पट्टे, बाजूला दांडा, खाली रबरी नळी. मला वाटलं, बंबासारखं काहीतरी असेल. मी कौतुकाने हात लावायला गेले तर सासूबाई ओरडल्या, "शिवू नको, औषधाचा आहे तो!" औषधाला शिवायचं का नाही, हे मला कळेना. मग समजलं, झाडावर मारायच्या विषाला इकडे औषध म्हणतात. ही रीत मला आजतागायत पचलेली नाही.

त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या आळीतले ते पानवेलीवाले काका गेले. आठवतात ना? औषध मारता मारता वेलींतच खाली बसले. पानवेलीचा मांडव दाट, बाहेरून माणूस दिसत नाही. घरच्यांना वाटलं, विडी ओढत असतील. उन्हं कलल्यावर कोणीतरी बघायला गेलं, तोवर सगळं आटोपलं होतं. मी सासूबाईंबरोबर भेटायला गेले. त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "पंप थांबला ते मला ऐकू आलं होतं गो."

ते वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं ते आजपर्यंत निघालं नाही.

तेव्हापासून तुम्ही पंप पाठीला लावलात की मी ओटा सोडला नाही. घरात दूध उतू गेलं, पाहुणे आले, एकदा तर भात करपून घरभर धूर झाला, पण मी ओट्यावर. हातात काहीतरी काम असायचं, फुलं ओवायची, लसूण सोलायचा. कान मात्र वाडीतल्या मोगऱ्याच्या ओळींत. खट्... फुस्स. खट्... फुस्स. तो आवाज चालू आहे म्हणजे तुम्ही उभे आहात, तुमचा हात हलतोय, तुमचा श्वास चालू आहे. थांबला की हातातलं तिथेच टाकून मी धावत सुटायची. आणि दर खेपेला तुम्ही असायचात बांधावर बसलेले, पंप उतरवलेला, आरामात जाळी धूत.

"काय झालं?" मी धापा टाकत.

"कचरा अडकला. तू काय पळत आलीस? भित्यापाठी ब्रह्मराक्षस तो हा असा."

हसायचात. मला राग यायचा आणि रडूही यायचं. पण मग एक दिवस तुम्ही हसला नाहीत. पंप ओट्यावर घेऊन आलात, माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, "हे बघ, घाबरायचंच असेल तर शिकून घाबर."

आणि शिकवलंत. किती नवऱ्यांनी बायकांना असलं काही शिकवलं असेल? दांडा जड झाला आणि आवाज कोंडला, तर समजायचं की नोझल तुंबला किंवा जाळीत काही आलं. दांडा हलका लागला, पोकळ खुळखुळल्यासारखा, तर वॉशर सुकलाय, हवा धरत नाही. त्याला रात्रभर खोबरेलात घालायचं. दांडा खाली दाबला आणि आपोआप वर आला, तर आतल्या झडपेच्या गोळीखाली खडा आहे, पाणी मागे परततंय. चाप सोडला तरी ठिबकतंय, तर चापातली चकती गेली. तुम्ही एकेक भाग काढून माझ्या हातावर ठेवत होतात आणि नाव सांगत होतात. मी साबणाने हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, तरी जेवताना उजवा हात तोंडाजवळ नेववत नव्हता.

पण कान तयार झाला. पुढे पुढे आवाज बदलला की मी ओट्यावरूनच ओरडायची, "जाळी बघा!" आणि तुम्ही आतून, "बघतोय!" शेजारचा इनास कुंपणापलीकडून हसायचा. म्हणायचा, "वहिनी, आमच्या घरी पण येऊन बसा एक दिवस. आमचा पंप रोज आजारी." भीती काही कमी झाली नाही हो. तिला फक्त कामाला लावलंत तुम्ही.

भांडण होतं ते नोझलचं. ते अजून आहे.

नोझल तुंबला की तुम्ही तो काढून सरळ तोंडाला लावायचात. फुंकर मारली की झालं. तार घालू नये, भोक मोठं होतं आणि धार फाटते, हे तुम्हाला पाठ. पण तोंड लावू नये हे मात्र कानाआड. मी नारळाच्या झावळीचा हीर घेतला, तासून बारीक केला आणि दोऱ्याने पंपाच्या पट्ट्याला बांधून दिला. म्हटलं, याने साफ करा. तुम्ही मान डोलावलीत. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच हिराने तुम्ही दात कोरत बसलेले! औषध मारून आल्यावर, पंपावरच्या हिराने! मी त्या दिवशी तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाई देवासमोर बसल्या होत्या, त्यांनी जप थांबवून ऐकलं.

हीर मोडला की मी नवा बांधायची. तुम्ही मोडायचात, मी बांधायची. मी निंबोळीचा अर्क काढून दिला, तर म्हणालात, "तुझ्या निंबोळीला अळी मीठ लावून खाते." मी म्हटलं, खाऊ दे, अळीच खातेय ना, तुम्ही तर नाही. वादात हरलात की तुम्ही टोपी घालून बाहेर जायचात. तसेच गेलात.

मग तो झाकणाचा दिवस आला. त्याच्याबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही, आज बोलते.

टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं. तुम्हाला माहीत होतं. "एवढी टाकी मारतो आणि बदलतो," म्हणालात. मी ओट्यावर बसले होते, आवाज अगदी व्यवस्थित चालू होता, जाळी ठीक, वॉशर ठीक, नोझल ठीक. मी निर्धास्त होते. अहो, निर्धास्त होते मी! त्या दिवशी पंप थांबलाच नाही. तुम्ही टाकी संपवून स्वतःच्या पायांनी चालत आलात आणि पाठ फिरवलीत तेव्हा मला दिसलं, मानेपासून कमरेपर्यंत सदरा ओला. घामाचा ओलेपणा वेगळा असतो, हा पिवळट होता.

विहिरीवर नेऊन मी तुमच्या अंगावर बादल्या ओतल्या, सदरा फाडून काढला, साबण लावला. तुम्ही म्हणत होतात, काही नाही ग, काही नाही. मग तुमच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि तुम्हाला ती पुसता येईना. हात असा थरथरत होता. मी तुमच्या डोळ्यांत पाहिलं तर बाहुल्या मोहरीएवढ्या. त्या डोळ्यांतून तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पण मी तुम्हाला दिसत नव्हते. मी किंचाळले ते इनासने ऐकलं. त्याने टेम्पो काढला. वसईत डॉक्टरांनी इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसून दुसरं काही नाही, फक्त खट्-फुस्स, खट्-फुस्स असं मनात म्हणत राहिले. तो थांबला तर तुम्ही थांबाल, असं मला वाटत होतं. माणसं बघत होती, तर बघू देत.

तुम्ही घरी आलात. अशक्तपणा होता, पण दोन-चार दिवसांत पुन्हा टोपी घातलीत. "केळीवर मावा आलाय," म्हणालात. नवं रबर बसवलंत झाकणाला, तेवढं शहाणपण आलं होतं. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी पडवीत गेले, पंप उघडला, दांड्याचा दट्ट्या वर ओढला आणि त्याच्या टोकाचा वॉशर काढून घेतला. तुम्हीच शिकवलेलं होतं. कुठला आटा डावीकडे फिरतो तेसुद्धा.

आलात, टाकीत पाणी घातलंत, दांडा मारलात. खुळखुळ. पुन्हा मारलात. मग उघडून पाहिलंत. मी चुलीपाशी उभी. म्हणालात, "वॉशर नाही. उंदराने नेला वाटतं. तेलाच्या वासाने येतात मेले." आणि पंप खुंटीला अडकवून ओट्यावर आडवे झालात. दुपारभर घोरलात. माझा जीव भांड्यात पडला.

मग ते चालूच झालं. तुम्हाला खोकला असला की उंदीर वॉशर न्यायचा. उलटा वारा सुटला की न्यायचा. मेघनाच्या बारशाआधी नेला होता, मेघनाच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यातही नेला. मी मग दोन-तीन दिवसांनी तो कोठीत नाहीतर लाकडांत "सापडला" म्हणून आणून द्यायची, आणि तुम्ही म्हणायचात, "बघ, दाताची एक खूणही नाही. गुणी उंदीर आहे." एकदा तुम्ही पंपाखाली पिंजरा लावलात, त्यात सुका बोंबील अडकवलात, आणि पिंजऱ्याचं दार उघडझाप करून बघताना माझ्याकडे पाहिलंत. मी मनात म्हटलं, काय भोळा माणूस आहे! मला तुमची कीवच आली. बोंबील शेवटी मांजराने खाल्ला.

मी सगळा पहारा पंपावर ठेवला होता. आणि तुम्ही गेलात ते जूचंद्रला, भाचीच्या साखरपुड्यात. जेवलात, हात धुतलेत, विहिणीच्या चहाला नावं ठेवलीत, खुर्चीवर बसलात आणि मान अशी बाजूला टाकलीत. मी बायकांत बसले होते. तिथे बँड वाजत होता. कुठलाच आवाज थांबला नाही. मी काय ऐकायला हवं होतं, सांगा ना! आयुष्यभर जो कान तयार केला, त्याला त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला अजून खरं वाटत नाही की पंपाचा त्यात हात नाही.

दिवसकार्य झालं आणि मी वाडीत गेले तेव्हा मोगऱ्याला कळ्या धरलेल्या होत्या. जवळून बघितलं तर कळीला सुईएवढं भोक, आत अळी. पहिला बहर आत्ताच लागलाय. हा गेला तर सगळा उन्हाळा गेला, आणि अळी एकदा बसली की झाडही धरते, हे मला कोणी सांगायला नको. इनास आला. म्हणाला, "वहिनी, मी मारून देतो औषध. काढा पंप." मी म्हटलं, पंप बिघडलाय. तो म्हणाला, मग माझा आणतो. त्याच्या पंपाने तो गवत जाळायचं औषध मारतो. तुम्ही त्या पंपाला अंगणातसुद्धा येऊ देत नव्हतात. कितीही धुतला तरी थेंब राहतो, मोगरा जळून जाईल. मी नको म्हटलं. ते कारण खरं होतं, म्हणून बरं वाटलं. इनास पंपाकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे बघून निघून गेला. बटव्यातला वॉशर मी मुठीत धरला होता. कोणीही तो पंप पाठीला लावू नये, एवढंच मला हवं होतं. मोगरा जळो, सडो, अळीच्या घशात जावो.

आणि काल मनवेलपाड्याहून तुमची लेक आली. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. जिन्यावरून पडेल म्हणून मी जिला माळ्यावर चढू द्यायची नाही ती ही मुलगी, म्हणाली, "आई, मी मारते औषध. कळ्या बघितल्यास का? चाळण झालीय." मी म्हटलं, पंप चालत नाही. ती म्हणाली, "बघू या की."

बसली. जाळी काढून धुतली. टाकीत साधं पाणी घातलं, दांडा मारला, खुळखुळ. नोझल उजेडात धरून पाहिला. नळीत फुंकायला गेली तशी मी दचकले, पण तिने नुसती झटकली. गोळी काढली, पुसली, परत बसवली. म्हणाली, "प्रेशर धरत नाहीये." मी तांदूळ निवडत होते. "वॉशर सुकला असेल," ती म्हणाली आणि दट्ट्या वर ओढला. टोक मोकळं. तिने ते बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. हात पुसत उठली आणि माळ्यावर चढली.

खाली आली तेव्हा तिच्या हातात तुमचा जुना जेवणाचा डबा होता, कडीचा. मला वाटलं, तो कधीच भंगारात गेला. तिने तो माझ्यासमोर ओट्यावर ठेवला आणि कडी काढली. आत खोबरेल होतं, स्वच्छ, ताजं, आणि त्यात वॉशर. एकावर एक रचलेले, मऊ, कोरे करकरीत. पुढचा सगळा जन्म पुरतील इतके.

माझ्या हातातलं सूप कलंडलं.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"बाबांनी कायमच ठेवलेत. मी लहानपणी एकदा बघितलं होतं. तू वॉशर नेला होतास आणि बाबा नुसते पडून होते. मी म्हटलं, बाबा, डब्यात आहेत ना, लावा की. तर म्हणाले, असू दे. घरातला उंदीर आज नको म्हणतोय. त्याचं ऐकावं."

साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला, असं सासूबाई म्हणायच्या. अहो, इतकी वर्षं! पिंजरा, बोंबील, गुणी उंदीर! मी तुमची कीव करत होते आणि तुम्ही डोक्यावरच्या माळ्यावर वॉशर तेलात घालून, खाली डोळे मिटून घोरत होतात. घोरत तरी होतात का? का तेही खोटं? केळीवर मावा चढत असताना, मोगरा हातचा जात असताना, तुम्ही मला ते दिवस दिलेत आणि दिल्याचं कळू दिलं नाहीत. मला तुमचा इतका राग आला, आणि मी तिथेच ओट्यावर तुमच्यासाठी पहिल्यांदा मोकळेपणी रडले. साखरपुड्याच्या मांडवात नव्हते रडले, दहाव्यालाही नव्हते.

मेघनाने मला रडू दिलं. मग म्हणाली, "यातला लावू, की तुझ्याकडचा देतेस?"

मी सांडलेले तांदूळ सुपात भरू लागले.

"बाबा असते तर त्यांनी आज पंप खुंटीला लावला असता. तू नको म्हणालीस तर मीही लावते. पण कळ्या उद्या राहणार नाहीत, आई. आणि हा मोगरा आजीने लावलाय."

मी एकेक दाणा वेचत राहिले. तिने घाई केली नाही, तुमच्यासारखीच. मग मी बटवा उघडला. म्हटलं, "डब्यातले राहू देत. हा रुळलेला आहे." वॉशर मी स्वतः बसवला. आटा मी स्वतः आवळला. झाकणाचं रबर काढून उन्हात ताणून पाहिलं, वाकवून पाहिलं, पाणी भरून टाकी उलटी धरली, थेंब नाही. पुन्हा उलटी धरली. मेघना म्हणाली, "आई, पुरे." मी म्हटलं, पुरे म्हणायचं मी ठरवेन. तिच्या नाकातोंडावर ओढणी बांधली, वरून तुमचा पंचा बांधला. डोक्याला तुमची टोपी. पाठीवर प्लास्टिक घालून त्यावर पंप. पट्ट्याला तुम्ही मोडलेल्या हिराचा दोरा अजून लोंबत होता, त्याला नवा हीर बांधला. उन्हं कलली, वारा पडला, केळीचं पान हलेनासं झालं, तेव्हा तिला सोडली.

मी ओट्यावर बसले.

खट्... फुस्स. तुमच्यापेक्षा हलका हात. मध्ये मध्ये चुकणारा. खट्... फुस्स. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडातून तेच, खट्-फुस्स, खट्-फुस्स. ती पहिली ओळ संपून वळली, दुसरी संपली. मग आवाज कोंडला. मी म्हटलं, नोझल. ओरडले, "नोझल बघ!" उत्तर आलं नाही. आवाज थांबला.

चप्पल घालायचं राहिलं. मी मोगऱ्यातून सरळ धावले, ओळीतून नाही, झाडांवरून. आणि बघते तर ती बांधावर बसलेली, पंप उतरवलेला, ओढणी हनुवटीखाली ओढलेली, आणि नोझल ओठांपर्यंत नेलेला. अगदी तुमच्यासारखी, मान तशीच तिरकी.

"अहो! तोंड लावू नका!"

मी किती जोरात ओरडले ते मला माहीत नाही. इनास कुंपणाशी आला म्हणजे जोरातच असणार. मेघनाचा हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलले ते तिला कळलं, मलाही नंतर कळलं. तिने नोझल खाली घेतला, पट्ट्याचा हीर ओढला आणि त्याने भोक साफ केलं, हळूहळू, मला दिसेल असं धरून. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी तिचं तोंड धुतलं, आधी माझ्या पदराने पुसून, मग घागरीच्या पाण्याने. ओठ चोळून चोळून लाल केले. मग तिने ओढणी वर बांधून घेतली, पंप पाठीला लावला आणि पुढची ओळ धरली. मी ओट्यावर गेले नाही, तिथेच बांधावर बसून राहिले.

मोगरा वाचेल असं इनास म्हणतो. मेघना रात्री मनवेलपाड्याला परत गेली. पोचल्यावर फोन केला, म्हणाली, डोकं दुखत नाही, लाळ गळत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या आरशात बघितल्या, ठीक आहेत. मी तिला पुन्हा बघायला लावल्या. येत्या रविवारी दुसरा हात मारायचा आहे, तेव्हा ती येणार. माझी भीती कुठे गेलेली नाही. तुम्ही तिला घालवू शकला नाहीत, आता दुसरं कोण घालवणार?

तुमचा डबा मी परत माळ्यावर ठेवला, तेल भरून. आणि आज सकाळी पंप धुऊन वाळवल्यावर वॉशर काढून घेतला. बटव्यात आहे. रविवारी वारा बरोबर असला, तिला सर्दी-पडसं नसलं, तर काढून देईन. नाहीतर सांगेन, उंदराने नेला. ती ऐकेल.